तारखेला हात लावायचा नाय

जालना, ३ नोव्हेंबर २०२५

आत्या,

पाया पडतो. फोन आपटायची तुझी पद्धत अजून तीच आहे, कानात अजून ठण्ण वाजतंय. "तू फोनवर भरकटतोस, काय समजलं ते कागदावर लिही आणि धम्मपालच्या ट्रकमध्ये दे," असा हुकूम झाला, म्हणून हे पत्र. धम्मपाल समोर चहा पितोय. त्याची बशी संपेपर्यंत लिहितो. तीन बशा झाल्या.

तर काय समजलं ते आधी. तुझ्या शेंद्र्याच्या वजनकाट्यावर समोरच्या कंपनीच्या गाड्या येतात आणि काटा त्यांच्यावरच चालतो. पंधरा डिसेंबरपासून कंपनीला नुसती छापील पावती चालणार नाय. गाडी काट्यावर उभी असतानाच तिचा फोटो आणि वजन कंपनीच्या साइटवर चढलं पाहिजे, तरच गेट उघडणार. तुझ्या केबिनमधला कम्प्युटर मामांनी बसवलेला, एक्सपीवाला, पडद्यावर हिरवी टेकडी असलेला. त्याला नवा कॅमेरा लावला तर तो विचारतो, हे कोण पाहुणे? आणि तुझे दीर रामकिसनराव म्हणतात, वहिनी, सगळा सेट नवा घेऊ, एक शिकलेला माणूस बसवू, तुम्ही घरी आराम करा. बरोबर?

तू घोर लावून घेऊ नको. मामा जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांची आठवण मी अशी भंगारात जाऊ देणार नाय.

सोबतच्या पुडक्यात एक जुना कॅमेरा आहे. इथल्या भंगार बाजारात सापडला, एक्सपीशी त्याची ओळख आहे. त्याची सीडी आहे, तिच्यावर साइट उघडायला लागणारं पण टाकलंय. आणि एक गोल सेल आहे, रुपयाएवढा. तूच म्हणालीस ना, मशीन रोज सकाळी तारीख विसरतं, एक जानेवारी २००८ दाखवतं, म्हणून पावतीवर तारखेचा शिक्का हातानं मारावा लागतो? सेल मेलाय त्याचा. तो बदलू.

असं कर. मशीन बंद करून वायर काढ. डाव्या बाजूच्या झाकणाला चार स्क्रू आहेत. तीन सरळ निघतील. चौथा जपून काढ, कारण इथं एका रोलिंग मिलच्या बाबूनं असाच चौथा स्क्रू पंख्यात पाडला, आणि तो बाबू सनई वाजवणारा निघाला, काय वाजवतो आत्या! मग त्याच्याच घरी जेवलो, भाकर, भरीत, वर लसणाचा ठेचा, आणि त्याची मंडळी म्हणाली की

धम्मपाल उठला. बाकी तुला कळेलच.

तुझा मल्हारी


शेंद्रा, ६ नोव्हेंबर

मल्हारी,

चौथा स्क्रू काढला. पुढं तू जेवायला बसलास. मी स्क्रू हातात धरून उभी आणि बाहेर दोन गाड्या हॉर्न देऊ राहिल्या. शेवटी धम्मपाल आत आला. सेलची जागा त्यानंच हुडकली. तिथं मेलेला सेल नव्हताच, नुसती रिकामी वाटी. त्यानं सेल उलटा बसवला, मग सुलटा बसवला.

तारीख आजची आली. धम्मपाल म्हणला, "मावशी, शिक्क्याची कटकट गेली तुमची." मला पण बरं वाटलं. मग वजनाचं उघडलं तर पडदाभर लाल चौकोन. धम्मपालनं वाचून सांगितलं, तीस दिवसांच्या चाचणीची मुदत संपली, दुकानाशी संपर्क करा. खाली नंबर होता. लावला. तिकडून बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाय.

दुपारपर्यंत अकरा गाड्या परत गेल्या. रामकिसन येऊन गेला. भांडला नाय, नुसतं "बघा वहिनी" म्हणला. भांडला असता तर बरं झालं असतं.

एक सांगायचं राहिलं होतं. तुझे मामा म्हणायचे, बाने, मशीनला काय पण कर, तारखेला हात लावायचा नाय. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, नाय म्हणजे नाय. अमावस्येला ते दाढी करत नव्हते, मला वाटलं हे पण तसलंच काहीतरी. म्हणून तुला बोलले नाय.

कॅमेरा चालू झाला. पण चित्र उलटं येतं. ट्रक आभाळाला लोंबकळतो.

लगेच लिही. जेवणाचं लिहू नको.

बानाबाई


नांदेड, ९ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र बसस्टँडवर वाचलं आणि एवढ्यानं हसलो की शेजारच्या म्हातारीनं पिशवी उचलून दुसरा बाक धरला. काय माणूस होते गं मामा!

नीट ऐक. तुझं वजनाचं सॉफ्टवेअर मुळात विकत घेतलेलंच नाय. ते महिनाभर वापरून बघा, आवडलं तर घ्या, असलं आहे. विकणारा दुकान गुंडाळून गायब झाला, आता घ्यायचं कुणाकडून? मग मामांनी काय केलं, मशीनचा सेलच काढून ठेवला. सेल नसला की मशीन रोज सकाळी उठतं आणि त्याला वाटतं आज एक जानेवारी २००८, चाचणीचा पहिला दिवस. सतरा वर्षं तुझ्या केबिनमध्ये दोन जानेवारी उजाडलेलीच नाय! आणि मी शहाणा, मी ती उजाडवली.

तर सेल काढ. मशीन बंद कर, चालू कर. ते परत २००८ मध्ये जाऊन बसेल. कॅमेऱ्याचं तर काहीच नाय, कॅमेराच उलटा टांग. मग साइट उघडून बघ.

मी जालन्याहून थेट तुझ्याकडंच निघालो होतो. पण एक जुना पार्ट नांदेडला मिळेल असं कळलं. पार्ट मिळाला नाय. गुरुद्वाऱ्यात लंगर जेवायला गेलो आणि तिथं पोळ्या लाटणाऱ्यांत एक माणूस कमी पडत होता, म्हणून बसलो. तीन दिवस झाले. माझी पोळी आता गोल येते. जेवणाचं लिहू नको म्हणालीस, हे लाटण्याचं आहे.

मामांची युक्ती मी जपणार. शब्द आहे माझा.

तुझा मल्हारी


शेंद्रा, १४ नोव्हेंबर

मल्हारी,

सेल काढला. लाल चौकोन गेला, वजन सुरू झालं. कॅमेरा उलटा टांगला, ट्रक सरळ झाला. एवढं तुझं जमलं.

आता साइट. उघडतच नाय. म्हणते, तुमच्या घड्याळात गडबड आहे. कंपनीत अभय म्हणून कम्प्युटर बघणारे साहेब आहेत. कोवळे आहेत पण बोलायला नीट. ते स्वतः आले. पडद्यावरची टेकडी बघून म्हणले, "अजून आहे?" आणि तिचा मोबाइलवर फोटो काढला, कुणीतरी लेणी बघायला यावं तसा. मग सांगितलं, साइटला आजची तारीख लागते, जुन्या तारखेवर ती दार उघडत नाय.

म्हणजे वजनाला २००८ पाहिजे आणि कंपनीला आज पाहिजे. मी एका खुर्चीत बसून दोन सालांत कशी राहू?

तरी करून बघितलं. गाडी आली की २००८ मध्ये वजन. मग तारीख बदलून आज. मग फोटो चढवायचा. मग मशीन बंद करून परत २००८. एका गाडीला वीस मिनिटं. रांग हायवेपर्यंत गेली. मागच्या एका ड्रायव्हरनं स्टो काढून खिचडी टाकली आणि शिजल्यावर मला पण आणून दिली.

अभय साहेब म्हणले, बारा डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत एक नोंद नमुना म्हणून नीट पाठवा, तुमचा काटा यादीत ठेवतो. नाय आली तर नाव काढावं लागेल. रामकिसन तिथंच उभा होता. त्यानं नव्या सेटवाल्याला फोन केला.

तू स्वतः ये.

बानाबाई


हैदराबाद, १९ नोव्हेंबर

आत्या,

सापडलं! नांदेडहून मी उलट्या दिशेला गेलो हे खरं आहे, पण गेलो म्हणून तर सापडलं.

इथं जुन्या कम्प्युटरांच्या गल्लीत एक चाचा आहेत. पुढं दुकान, मागं पिंजऱ्यात तितर. त्यांना तुझी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी आधी तितराला दाणे टाकले आणि मग म्हणाले, "मियां, पुराने कू नवे के पेट में डाल दो. अंदरवाले कू मालूमइच नै पडता बाहर कौनसा साल चलरा."

समजलं का? एक बऱ्यापैकी नवा लॅपटॉप घ्यायचा. त्याच्यात तुझं अख्खं एक्सपी, टेकडीसकट, जसंच्या तसं उचलून ठेवायचं. ते आत एका चौकटीत चालतं आणि त्याला वाटतं आपण आपल्याच जुन्या डब्यात आहोत. आतलं घड्याळ वेगळं, बाहेरचं वेगळं. आत कायम एक जानेवारी २००८, तिथं तू वजन घे. बाहेर आजची तारीख, तिथं कॅमेरा आणि साइट. आतल्याला बाहेरचं कळत नाय, बाहेरच्याला आतल्याची फिकीर नाय. काट्याची नऊ पिनांची वायर लॅपटॉपला लागत नाय, पण तिचं जोडणं चाचांनी काढून दिलं, वर एक तितराचं पीस फुकट दिलं.

म्हणजे मामांचं काहीच मोडावं लागत नाय. त्यांची आठवण जशीच्या तशी, फक्त नव्या घरात.

हे काम मात्र पत्रातून होत नाय. मला तिथं बसून तुझ्या मशीनमधलं सगळं उचलावं लागेल. चोवीस तारखेला पोचतो. नक्की.

तुझा मल्हारी


शेंद्रा, ३० नोव्हेंबर

मल्हारी,

चोवीस म्हणला होतास. आज तीस. सहा दिवस रोज केबिनमध्ये दुसरी खुर्ची मांडली. आता तिच्यावर कुत्रं बसतं, आणि उठवलं तर माझ्याकडंच रागानं बघतं.

तू पत्रापत्रात मामांची आठवण, मामांची आठवण लिहितोस. कसली आठवण? तुझे मामा त्या मशीनला रोज सकाळी शिव्या द्यायचे. त्यांची आठवण यायला मला कम्प्युटर लागत नाय.

मला ते मशीन लागतं कारण ते मला येतं. एफ दोन रिकामी गाडी, एफ पाच भरलेली, एफ नऊ छापा. पडद्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाय, पण कुठल्या चौकोनानंतर कुठलं बटण हे बोटांना ठाऊक आहे. नवा सेट आला की बोटांना काहीच ठाऊक नसणार. मग शिकलेला माणूस येणार आणि मी घरी तांदूळ निवडणार. काटा माझ्या नावावर राहील, खुर्ची राहणार नाय. घरात मी वहिनी, काकू, अहो जरा इकडं या. इथं पन्नास ड्रायव्हर "बानाबाईचा काटा" म्हणतात. सातवी शिकलेल्या बाईला हे मिळालंय, ते मला सोडायचं नाय.

एवढंच आहे. यायचं असेल तर ये. नसेल तर तसं लिही, मी रामकिसनला हो म्हणते.

बानाबाई


हैदराबाद, ३ डिसेंबर

आत्या,

उशीर का झाला ते दोन पानं लिहिलं होतं. वाचून बघितलं आणि फाडलं.

निघालो. हे पत्र घेऊन येणारा ट्रक आणि मी, बघू कोण आधी पोचतं.

मल्हारी


पैठण, १० डिसेंबर

आत्या,

परवा सकाळी तू त्या चौदा चाकी गाडीचं वजन घेत होतीस तेव्हा मी न सांगता सटकलो. सांगितलं असतं तर तू डबा बांधला असतास, डबा बांधला असता तर मी जेवून जातो म्हणालो असतो, आणि अजून तिथंच असतो. पैठणला एक जण बोटीचं इंजिन दुरुस्त करतो, त्याला मदतीला आलोय. पाण्यावर लांबून लांबून पक्षी आलेत. पण ते राहू दे.

तीन दिवस तू माझ्या मागं उभी होतीस ते मी विसरणार नाय. लॅपटॉपच्या पडद्यावर छोट्या चौकटीत तुझी हिरवी टेकडी आली तेव्हा तू विचारलंस, "आत जाऊन कुणी अडकलं तर?" आणि मग तू खुर्चीत बसलीस, एफ दोन, एफ पाच, एफ नऊ, एकदा पण खाली न बघता. छपाईयंत्र कर्रकर्र वाजलं. मला तेव्हा तुझ्या मागच्या पत्रातलं कळलं. आधी फक्त वाचलं होतं.

आता महत्त्वाचं, जे सांगायचं मी विसरलो. कंपनीची साइट लई हुशार आहे. गाडीचा नंबर ती तुला विचारत नाय, फोटोतून स्वतःच वाचून घेते. म्हणून नोंद पाठवताना कॅमेऱ्यासमोर एकच नंबरप्लेट असू दे. शेजारी दुसरी गाडी उभी करू देऊ नको. तिला जी प्लेट स्वच्छ दिसेल ती ती उचलते.

बारा तारखेच्या आधी हे पत्र पोचलं पाहिजे. ट्रकवाला म्हणाला, उद्या पोचवतो. वाटेत त्याच्या मेव्हण्याचा साखरपुडा आहे.

तुझा मल्हारी


शेंद्रा, १३ डिसेंबर

मल्हारी,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. सोबत साखरपुड्याचा पेढा होता. फोटोत एकच नंबरप्लेट पाहिजे हे मला काल चार वाजताच कळलं. कसं ते ऐक.

काल नमुन्याचा शेवटचा दिवस. आणि कंपनीचं काहीतरी दुरुस्तीला काढलेलं, सकाळपासून एक गाडी नाय. पाच वाजता अभय साहेब घरी जाणार. साडेतीनला रामकिसन नव्या सेटवाल्याला घेऊन आला, केबिनचं माप घ्यायला. स्कूटर काट्याला लागूनच लावली. म्हणला, "गाडीच नाय तर नमुना काय पाठवणार वहिनी? झालं ते झालं."

तेवढ्यात रस्त्यानं कचरू आला. पडेगावचा आपला कचरू, मेंढरं घेऊन कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवायला चालला होता. मी हाक मारली, "कचरू, मेंढरं काट्यावर घे."

"बानाबाई, इकायची नायत."

"घेतंय कोण? नुसती उभी कर."

बत्तीस मेंढरं, एक कुत्रं आणि कचरू. पण मेंढरू ट्रकसारखं उभं राहतं व्हय? एफ पाचवर बोट न्यावं तर चार खाली उतरलेली. शेवटी रामकिसनला एका बाजूला आणि सेटवाल्याला दुसऱ्या बाजूला हात पसरून उभं केलं. सेटवाल्याच्या हातात मापाचा टेप तसाच होता, त्याचाच अडसर केला. आकडा थांबला. अकराशे चाळीस. दाबलं. फोटो निघाला, साइटवर चढला, हिरवी खूण आली. मी कचरूला म्हणलं, जा आता.

दहा मिनिटांत अभय साहेबांचा फोन. "बानाबाई, एक स्कूटर अकराशे चाळीस किलो माल घेऊन निघालीय असं दिसतंय. गेटवाले खुर्चीवरून उठून उभे आहेत."

मी म्हणलं, नमुना आहे तो, पुसून टाका. म्हणले, पुसता येत नाय. नोंद झाली म्हणजे गाडी आत आलीच पाहिजे आणि बाहेर गेलीच पाहिजे, त्याशिवाय साइट ती मिटवत नाय. ती मिटेपर्यंत तुमच्या काट्याची दुसरी नोंद घेत नाय. आणि आमच्या गेटवरच्या काट्याशी वजन जुळलं पाहिजे, दहा किलोच्या आत.

"मग?"

"गाडी आणि माल, दोन्ही आणा."

पळत जाऊन कचरूला फिरवलं. पुढं रामकिसन स्कूटरवर, मेंढरांच्या चालीनं, दोन्ही पाय जमिनीला घासत. मागं मेंढरं. त्यामागं मी. सगळ्यात शेवटी सेटवाला, त्याला जा म्हणलं तरी जाईना. गेटवर वॉचमननं वही काढली. चालकाचं नाव विचारलं, रामकिसननं सांगितलं. मालाचा प्रकार विचारला. रामकिसननं मागं वळून बघितलं आणि म्हणला, "तुम्हीच लिहा." मग वॉचमन म्हणला, हेल्मेटशिवाय आत नाय. आतूनच एक पिवळं आणून रामकिसनच्या डोक्यावर ठेवलं.

कंपनीच्या काट्यावर परत तीच कसरत, स्कूटर इथं पण काट्याच्या बाहेरच. आता वॉचमन, अभय साहेब, सेटवाला, सगळे हात पसरून. मी आकड्याकडं बघतच नव्हते. अभय साहेबांनी मोठ्यानं वाचला. अकराशे चाळीस.

दहा किलोच्या आत म्हणले होते. एका किलोचा पण फरक नाय.

मग साइट म्हणाली, माल उतरवला का? आणि वीस मिनिटं थांबायला लावलं, त्याच्या आत खूण घेत नाय. मेंढरांना कोण सांगणार वीस मिनिटं? तिथं हिरवळ आहे, मोठे साहेब येतात तेव्हा तिच्यावर पाणी मारतात. बाहेर पडताना वजन भरलं अकराशे पंचावन्न. पंधरा किलोचा जबाब कुणी मागितला नाय.

नोंद मिटली. साडेपाच वाजले होते, अभय साहेब माझ्यासाठी थांबले. त्यांनी फॉर्म काढला. आमच्या काट्याचं नाव, पत्ता, सगळं लिहून झालं. शेवटच्या रकान्यात काटा कोण चालवतं ते लिहायचं होतं. अभय साहेबांनी पेन रामकिसनकडं केलं. त्याच्या डोक्यावर ते पिवळं हेल्मेट तसंच. त्यानं पेन घेतलं, फॉर्म वाचला, आणि दोन्ही माझ्याकडं सरकवलं.

"यांचं लिहा," म्हणला. "मी गाडीवर असतो."

बानाबाई सखाराम देवकाते
काटा चालक, शेंद्रा